मागे दिलेला पास

"चालेल का?" मिक्केने विचारलं.

मी फ्रेडरिकचा उजवा गुडघा दोन्ही हातांत धरून ड्रेसिंग रूमच्या जमिनीवर फतकल मारून बसले होते. सामन्याच्या अखेरीला एक दांडगा माणूस त्या गुडघ्यावर आदळला होता आणि आता तो माझ्या डोळ्यांदेखत सुजत चालला होता.

"चालता नाही यायचं," मी म्हटलं, "पण खेळता येईल. बर्फावर तसंही कोण चालतंय?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मिक्के हसला नाही. तो आमचा कोच. तिकडे स्वीडनमध्ये पुरुष वरच्या ओठाखाली तंबाखूची चपटी पुडी दाबून ठेवतात. मिक्केने एक असताना घाईघाईत दुसरीही दाबली होती, त्यामुळे त्याचा ओठ फुगला होता. एरवी मी त्यावरून त्याची टर उडवली असती. त्या दिवशी धीर झाला नाही.

ही हकिगत स्वीडनच्या उत्तरेकडच्या ग्रानोस गावातली, बारा वर्षांपूर्वीची. माझा नवरा तिथल्या कागद कारखान्यात इंजिनिअर होता, त्याच्यामागोमाग मीही गेले. मी मिरजेची, फिजिओथेरपिस्ट. बर्फाशी माझी ओळख उसाच्या रसाच्या ग्लासापुरती. पण घरात बसून खिडकीतून पांढरंफटक बघत राहिले तर वेड लागेल हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. मग भाषा शिकले, परीक्षा दिली आणि गावच्या आइस हॉकी क्लबात नोकरी धरली. खेळाडूंचे गुडघे, खांदे, कंबरा माझ्या ताब्यात. तिकडे कोच असो, डॉक्टर असो की महापौर, सगळे एकमेकांना एकेरीतच हाक मारतात. आधी मला ते फार जड गेलं. नंतर इतकं अंगवळणी पडलं की सुट्टीत मिरजेला आले तेव्हा सासऱ्यांना 'तू' म्हणता म्हणता वाचले.

तर सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला होता. आता जादा वेळ. त्याचा नियम सरळ : जो पहिला गोल करील तो जिंकला, खेळ तिथेच संपला. जिंकणारा संघ वरच्या लीगमध्ये जाणार, हरणारा खालच्या लीगमध्येच राहणार. ग्रानोस अठरा वर्षं खालच्या लीगमध्ये खितपत पडलं होतं. आणि ज्याने ते खाली नेलं असं सगळं गाव म्हणायचं, त्याचाच गुडघा माझ्या हातात होता.

ती जुनी गोष्ट मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितली. या खेळात काठीने ढकलायची रबराची एक चकती असते, तिला पक म्हणतात. पक आपल्या ताब्यात असताना समोरच्या संघाने आगळीक केली, तर पंच हात वर करतो पण शिट्टी वाजवत नाही. त्यांच्यातल्या कोणी पकला स्पर्श केला की मगच शिट्टी. म्हणजे तेवढ्या वेळात त्यांना आपल्यावर गोल करताच येत नाही. मग आपला गोलकीपर जाळ्यात उभा राहून काय करणार? त्याला पळत बाहेर बोलावतात आणि त्याच्या जागी एक जादा खेळाडू उतरवतात. आपलं जाळं उघडं पडतं, पण भीती एकच : आपणच आपल्या जाळ्यात पक घालण्याची. असा वेडेपणा कोण करील?

फ्रेडरिकने केला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तोही सामना असाच, वर राहायचं की खाली जायचं ते ठरवणारा. पंचाचा हात वर गेला, गोलकीपर बाहेर आला, फ्रेडरिकच्या अंगावर दोघे धावून आले आणि त्याने मागे वळूनही न बघता पक मागे दिला. मागे कोणीच नव्हतं. पक सरळ घसरत गेला, अर्ध्या मैदानाहून जास्त, सावकाश, आणि स्वतःच्या रिकाम्या जाळ्यात जाऊन थांबला. चार हजार माणसं उभी राहून बघत होती म्हणे. एक म्हातारे गृहस्थ मला सांगायचे, "ललिता, तो इतका हळू जात होता की मी घरी जाऊन स्वेटर घालून परत येऊ शकलो असतो."

गावाने हे विसरायचं नाही असंच ठरवलं होतं. चौकातल्या बेकरीत दर मार्च महिन्यात एक गोड पाव मिळायचा, नेहमीपेक्षा उलट्या बाजूने पीळ घातलेला. त्याचं नाव 'बॅकपास'. लोक कॉफीबरोबर तो मिटक्या मारत खायचे. स्वीडिश माणूस तोंडावर कोणाला दुखवणार नाही, पण पावातून बरोबर टोचतो.

त्या सामन्यानंतर फ्रेडरिक अमेरिकेला गेला आणि तिथून पुढे सगळ्या जगभर फिरला. त्याची कारकीर्द मला पेपरातून कळली नाही, त्याच्या अंगावरून कळली. डावा खांदा स्वित्झर्लंडमध्ये निखळलेला. करंगळी फिनलंडमध्ये मोडून वाकडीच जुळलेली. जबड्यात जर्मनीची पट्टी. आणि हा उजवा गुडघा अमेरिकेतला, जिथे एक अख्खा हिवाळा तो मोठ्या लीगमध्ये खेळला आणि ऐन बहरात जायबंदी झाला. तो बचावपटू. गोल करणं त्याचं काम नव्हतं. समोरच्याला करू न देणं हे त्याचं काम. पक येत असेल तिथे अंग आडवं घालायचं. दोन दशकं एवढंच केलं त्याने. अशा माणसाचे फोटो भिंतीवर लागत नाहीत, आणि सामना हरला की सगळ्यात आधी बोट त्याच्याकडेच वळतं.

मिक्केने फोन करून त्याला शेवटच्या हंगामासाठी घरी बोलावलं. दोघे एका गल्लीतले, सात वर्षांचे असल्यापासून एकाच बर्फावर शिकलेले. त्या जुन्या संघात मिक्केही होता. पण त्या हंगामानंतर त्याने खेळणं सोडलं, ते का हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. फ्रेडरिक परत येणार म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. निम्म्यांना वाटलं, कोचला वेड लागलंय. उरलेल्या निम्म्यांना तसं ठामच वाटत होतं.

पहिल्या सरावाच्या दिवशी हा पठ्ठ्या बेकरीतून मोठा खोका भरून बॅकपास घेऊन आला, सगळ्या संघासाठी. कोणाचा हात पुढे होईना. याने स्वतः एक उचलला, सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाला, "चांगला आहे. वेलदोडा जरा जास्त झालाय."

मला त्या दिवशी तो आवडला. आपल्याकडे अशा माणसाला कोडगा म्हणतील; पण कोडगा माणूस रात्री नीट झोपतो. हा झोपत नसे. मानेचे स्नायू खोटं बोलत नाहीत, ते माझ्या बोटांना रोज कळायचं. एकदा मान चोळून घेताना तो एवढंच म्हणाला, "तो पास बरोबर होता, ललिता. मला एवढंच हवंय. कोणीतरी म्हणावं की पास बरोबर होता."

"जाळ्यात गेला ना पण?" मी म्हटलं.

"गेला," तो म्हणाला.

बचावपटू जोडीने खेळतात, आणि दमलेल्याला खेळ चालू असतानाच बाकावर बोलावून दुसरा उतरवतात. त्याच्या जोडीला टिमो नावाचा फिनलंडचा तरुण होता; ताकद बैलाची, पण लक्ष बर्फाऐवजी प्रेक्षकांतल्या पोरींकडे. सराव संपून सगळे सौनात, वाफेच्या स्नानाला, गेले की फ्रेडरिक त्याला मागे थांबवायचा. एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. टिमोने मागे जागा घ्यायची आणि "हॅर!" असं ओरडायचं, म्हणजे 'इथे!' फ्रेडरिकने मागे न बघता आवाजाच्या दिशेने पास द्यायचा. मी पट्ट्या गुंडाळत बसलेली असायची आणि कंटाळून जायची.

टिमोही कंटाळायचा. "बघून का नाही देत?" त्याने एकदा विचारलं.

"दोन माणसं तोंडावर आल्यावर बघायला वेळ नसतो. कानानेच बघायचं." मग फ्रेडरिक त्याच्या अगदी जवळ गेला. मी त्याला इतकं कडक बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "एकदा ओरडलास की तिथून हलायचं नाही. बाकावरून बोलावू देत, घराला आग लागू दे. पक तुझ्याकडे येईपर्यंत ती जागा तुझी. कळलं?"

टिमोने मान हलवली. पोरांना असं काही सांगितलं की ती मान हलवतात. त्यांच्या डोक्यात किती शिरलं ते वेळ आल्यावरच कळतं.

तर मी गुडघ्याला पट्टी आवळत होते आणि मिक्के फळ्यासमोर उभा राहून कोण कोणाबरोबर उतरणार ते सांगत होता. सांगून झालं. कोणी उठेना. शेवटी आमच्या गोलकीपरनेच सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"पंचाचा हात वर गेला तर मी बाहेर येऊ की नको?"

सगळे बुटांच्या नाड्यांकडे बघत होते, आणि फ्रेडरिककडे बघत नव्हते. जादा वेळ होता. एक चूक झाली तर दुरुस्त करायला पुढे काही उरणार नव्हतं. कोचने 'नको, आत थांब' म्हटलं असतं तर कोणीही त्याला नावं ठेवली नसती. पण मग त्याचा अर्थ फ्रेडरिकलाही कळला असता आणि उरलेल्या सगळ्यांनाही. मिक्केच्या कपाळावर घाम होता आणि तिथे तर थंडी होती.

"ये," फ्रेडरिक म्हणाला. "पळत ये. रेंगाळू नकोस."

"अल्मेन," मिक्के म्हणाला. फ्रेडरिकच्या अल्मरूद आडनावाचं त्यांनी लहानपणी केलेलं अल्मेन. "तुझ्याकडे पक आला तर पुढे भिरकावून दे. मागे नको. नियमात बसतं, कोणी काही म्हणणार नाही."

"मागे माणूस असेल तर मी मागेच देणार, मिक्के."

"आणि नसला तर?"

फ्रेडरिकने त्याच्याकडे बघितलं. "या वेळी असेल," तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून उठला. माझा खांदा धरून उठला, म्हणून तो गुडघा किती दुखतोय हे मला एकटीला कळलं.

जादा वेळ सुरू झाला. मी बाकामागे, मिक्केच्या पाठीशी उभी. आमचे लोक तीनदा मरता मरता वाचले. एकदा फ्रेडरिक पकसमोर आडवा झाला आणि तो त्याच्या बरगडीवर बसला, तो आवाज मला बाकापर्यंत आला. उठला. ओठ चावला. पुन्हा जागेवर गेला. मी मनातल्या मनात आमच्या मिरजेच्या गणपतीला हाक मारली. त्याला आइस हॉकी कळत असेल नसेल.

आणि मग ते झालं. आमच्या एका पोराला त्यांनी काठीने पाडलं. पक आमच्याकडेच. पंचाचा हात वर गेला. शिट्टी नाही.

आमचा गोलकीपर सगळं ओझं अंगावर घेऊन धडपडत धावत आला. बाकावरून आणखी एक जण कुंपणावरून उडी मारून उतरला. आमचं जाळं रिकामं. आणि पक, आता काय सांगावं, पक मैदानाच्या मधल्या रेघेपाशी फ्रेडरिककडे आला. आमचे पुढचे खेळाडू अजून पुढे पोचायचे होते. त्यांचे दोन राक्षस फ्रेडरिकच्या अंगावर चालून आले.

चार हजार माणसं एकदम उठली. बसमध्ये शेजारी कोणी बसलं तर अंग चोरून घेणारी ती माणसं, एका आवाजात ओरडली, "नको!"

त्या गदारोळात मागून टिमोचा आवाज आला. "हॅर!"

तेवढ्यात आमच्या बाकावरच्या मदतनिसाने बघितलं की टिमो फार वेळ बर्फावर आहे, दमलाय. त्याने सवयीने हात हलवला. "टिमो, बदली! ये!" टिमोची मान बाकाकडे वळली. त्याचा एक पायही वळला. मी बघितलं.

मिक्के कुंपणावर अक्षरशः चढला. "थांब!" तो ओरडला. "टिमो, थांब तिथेच! हलू नकोस! देवाच्यान हलू नकोस!" त्याचा आवाज फाटला होता.

टिमो थांबला.

फ्रेडरिकने मागे बघितलं नाही. त्याच्या मनगटाची नुसती छोटीशी हालचाल झाली, आणि पुढच्याच क्षणी ते दोघेही त्याच्यावर येऊन आदळले. तो बर्फावर उताणा पडला. पक मागे घसरत गेला. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत. पक टिमोच्या काठीवर अलगद येऊन बसला, हातात आणून द्यावा तसा.

आणि समोर वाट मोकळी होती, कारण त्यांचे दोन जण फ्रेडरिकला आडवं करण्यात गुंतले होते. टिमो निघाला. मी त्या पोराला तसं धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. रेघ ओलांडली, एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या बगलेतून पुढे गेला आणि हाणला. त्यांच्या गोलकीपरने हात उचलला तेव्हा जाळं हललेलं होतं.

पुढचं मला तुटक तुटकच आठवतं. छत कोसळेल असा आवाज. माझ्या गळ्यात पडून रडणारा आमचा गोलकीपर, त्याच्या घामाचा भपकारा. मी साध्या बुटांनी बर्फावर पळत सुटले, दोनदा पडले. फ्रेडरिक अजून उताणाच होता. त्याच्या अंगावरून सगळे टिमोकडे धावले होते. मी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसले.

"लागलं का रे? हात हलतोय? कुठे दुखतंय?"

त्याने छताकडे बघतच विचारलं, "कुठल्या जाळ्यात गेला?"

"त्यांच्या! त्यांच्या रे, त्यांच्या!" मी मराठीत ओरडले. मग स्वीडिशमध्ये ओरडले. त्याने डोळे मिटले आणि तो हसू लागला, बरगडी धरून, रडत रडत.

तेवढ्यात मिक्के आला. त्याच्यामागोमाग गावच्या रेडिओचा माणूस मायक्रोफोन घेऊन धावत आला. त्याचं बोलणं हॉलच्या स्पीकरवरून ऐकू येत होतं. "मिक्के, अठरा वर्षांनी ग्रानोस पुन्हा वर. काय वाटतंय?"

मिक्केने त्याच्या हातातून मायक्रोफोन काढूनच घेतला. "त्या दिवशीही कोणीतरी 'हॅर' म्हणून ओरडलं होतं," तो म्हणाला. सगळ्या हॉलभर त्याचा श्वास ऐकू येत होता. "तो मी होतो. मी त्याच्या जोडीला होतो. मी ओरडलो आणि बाकावरून बोलावलं म्हणून निघून गेलो. त्याचा पास बरोबर होता. मीच तिथे नव्हतो."

चार हजार माणसं गप्प. आताच इतकं ओरडलेले लोक एवढे गप्प होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

मिक्के बर्फावर बसला. "तुला माहीत होतं," तो फ्रेडरिकला म्हणाला. मायक्रोफोन हातातच होता, तो चालू आहे याचं भान कोणालाच नव्हतं.

"तुझा आवाज मला सात वर्षांचा असल्यापासून ओळखू येतो."

"मग कधीच का नाही बोललास?"

"मी तर अमेरिकेला जाणार होतो," फ्रेडरिक म्हणाला. "तुला इथेच राहायचं होतं."

वरच्या कुठल्या तरी रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली. मग कोणीतरी हाक मारली, "अल्मेन!" मग दुसऱ्या बाजूने. मग सगळ्यांनी, पाय आपटत, खुर्च्या बडवत. अल्मेन, अल्मेन. माझ्या पायांखालचा बर्फ थरथरत होता. स्वेटरवाले म्हातारे गृहस्थ टोपी काढून ओरडत होते आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

मी गुडघ्यावरची पट्टी चाचपत होते. डोळ्यांत पाणी, काही दिसत नव्हतं. "हलू नकोस," मी म्हटलं. "स्ट्रेचर मागवते."

"स्ट्रेचर नंतर," फ्रेडरिक म्हणाला. "आधी मला उठवा दोघे. हे मला उभं राहून ऐकायचंय."

एका बाजूने मी, एका बाजूने मिक्के, असं आम्ही त्याला उभं केलं.